लंडनच्या कागदावरचे कैदी राजे

सर बार्टल फ्रिअर हे नाव मुंबईकराला अगदीच परकं नाही. पी. डिमेलो रस्त्याला जुनी माणसं कालपरवापर्यंत फ्रिअर रोड म्हणत. हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन मुळात त्याच्या गौरवासाठी उभारलं गेलं. मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडायचा हुकूमही याच गव्हर्नरच्या कारकिर्दीतला, १८६२ ते १८६७ मधला. त्याची मुलगी मेरी हिने आपल्या आयेकडून ऐकलेल्या दख्खनच्या गोष्टी इंग्रजीत छापल्या. त्याही आधी, तरुणपणी, फ्रिअर साताऱ्याला रेसिडेंट होता. १८४८ साली छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज वारले, तेव्हा दत्तकाचा हक्क मान्य करावा असं त्याने वर लिहून कळवलं होतं. डलहौसीने ऐकलं नाही, राज्य खालसा झालं, आणि विरोध नोंदवणारा फ्रिअरच खालसा साताऱ्याचा कमिशनर होऊन बसला. माणूस वाईट नव्हता, असं त्याच्याबद्दल बरेच जण लिहितात. मला ते पटतं आणि म्हणूनच पुढची गोष्ट जास्त खटकते.

कारण हाच फ्रिअर पुढे दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर म्हणून गेला आणि ११ डिसेंबर १८७८ रोजी तुगेला नदीच्या काठी त्याच्या माणसांनी झुलू राजा सेत्शवायोच्या वकिलांना निर्वाणीचा खलिता वाचून दाखवला. तीस दिवसांत फौज मोडा, नाहीतर युद्ध. झुलूंची सगळी समाजव्यवस्थाच फौजेच्या तुकड्यांवर उभी होती. वयात आलेला प्रत्येक मुलगा तुकडीत जायचा, लग्नाची परवानगीसुद्धा राजा तुकडीला द्यायचा. फौज मोड म्हणजे राज्य मोड, हे फ्रिअरला पक्कं ठाऊक होतं. लंडनने या युद्धाला मंजुरी दिली नव्हती. तार पोचायला आणि उत्तर यायला वेळ लागतो, एवढ्या फटीत त्याने युद्ध बसवलं.

पुढे जे झालं ते इंग्रज फौजेला जन्मभर लागलं. २२ जानेवारी १८७९ ला इसान्डलवानाच्या डोंगराखाली वीसेक हजार झुलूंनी इंग्रज सेनापती लॉर्ड चेम्सफर्डच्या छावणीवर झडप घातली. बंदुका आणि तोफा असलेली जवळजवळ सगळी छावणी, तेराशेहून अधिक माणसं, दुपारपर्यंत कापली गेली. ही बातमी लंडनला पोचली ११ फेब्रुवारीला. ही तारीख लक्षात असू द्या, ती पुढे लागणार आहे.

आता सेत्शवायो कोण, कसा दिसतो, हे लंडनच्या वाचकाला पाहायचं होतं. त्यासाठी दोन मोठी सचित्र साप्ताहिकं होती: १८४२ मध्ये निघालेलं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ आणि १८६९ च्या डिसेंबरपासूनचं ‘ग्राफिक’. छायाचित्र तेव्हा काढता येत होतं, पण वर्तमानपत्रात छापता येत नव्हतं. म्हणून युद्धावर चित्रकार पाठवत. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’चा मेल्टन प्रायर झुलूंच्या युद्धात होता. हा माणूस घोड्यावर बसून, तंबूत, कधी गोळ्या चालू असताना पेन्सिलीने भराभर रेघा ओढायचा, कडेला ‘इथे धूर’, ‘इथे मेलेले बैल’ अशा पद्धतीच्या टिपा लिहायचा आणि कागद टपालाने रवाना करायचा.

कागद लंडनला पोचला की खरं काम सुरू व्हायचं. छपाईसाठी बॉक्सवूड नावाचं कठीण, बारीक वीण असलेलं लाकूड लागे. त्या झाडाचं खोड फार जाड नसतं, म्हणून पानभर चित्रासाठी लहान लहान ठोकळे पाठीमागून बोल्ट लावून जोडत. त्या सलग पृष्ठभागावर कार्यालयातला चित्रकार मूळ रेखाटनावरून चित्र नव्याने काढायचा. त्याने झुलू माणूस कधी पाहिलेला असेलच असं नाही. मग बोल्ट सोडून ठोकळे वेगवेगळे व्हायचे आणि एकेक ठोकळा एकेका कोरक्याच्या हातात जायचा. एकाच्या वाट्याला आभाळ, दुसऱ्याच्या वाट्याला घोड्याचे पाय, तिसऱ्याच्या वाट्याला राजाचा चेहरा. दिव्यासमोर पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवून त्यातून पडणाऱ्या उजेडात ही माणसं रात्रभर कोरत बसत. सकाळी ठोकळे पुन्हा आवळले जात, सांध्यावरच्या रेषा जुळवल्या जात, आणि अंक छापखान्यात जाई. जुने अंक बारकाईने पाहिले तर काही चित्रांवर केसाइतकी बारीक पांढरी रेघ उभी-आडवी गेलेली दिसते. तो ठोकळ्यांचा सांधा. राजाचा चेहरा कोरणाऱ्याने तो राजा डोळ्यांनी पाहिलेला नाही आणि शेजारचा शिपाई दुसऱ्याच कोणीतरी कोरलेला आहे, हे एवढ्याशा रेघेवरून कळतं.

या पद्धतीत काय काय होऊ शकतं याचा एक मासला आपल्याच इतिहासातला आहे. १८५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांचं चित्र लंडनला हवं होतं. मिळालं, छापलं, घराघरांतून पाहिलं गेलं. ते चित्र मीरतच्या अजुध्याप्रसाद नावाच्या सावकार-कंत्राटदाराचं होतं. हा घोटाळा उघड करणारा जॉन लँग हा त्या सावकाराचाच वकील. झाशीच्या राणीने सल्ल्याला बोलावलेला लँग तो हाच. बिचाऱ्या सावकाराचं तोंड इंग्लंडभर खुनी म्हणून गाजलं. पण त्याने वाचकांचं काही बिघडलं नाही. त्यांना शत्रूला एक तोंड हवं होतं, ते मिळालं.

सेत्शवायोचं तोंडही असंच आधी ठरून गेलं होतं. युद्धापूर्वी आणि युद्ध चालू असताना तो रक्तपिपासू, क्रूर, आपल्याच माणसांना मारणारा जुलमी राजा. ४ जुलै १८७९ ला उलुंडीला त्याची फौज मोडली. तो रानात निघून गेला. २८ ऑगस्टला न्गोमेच्या जंगलातल्या एका वस्तीत मेजर मार्टरच्या घोडेस्वारांनी त्याला गाठलं. आवाज होऊ नये म्हणून तलवारींच्या म्यानांसकट खुळखुळणारं सगळं सामान त्यांनी मागे ठेवलं होतं. अंगाला हात लावू पाहणाऱ्या शिपायाला राजाने सांगितलं की त्यापेक्षा गोळी घाल. त्याला जहाजावर चढवून केपटाउनच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं, आणि त्याचं राज्य तेरा तुकडे करून तेरा सरदारांना वाटून टाकलं.

आणि आता चित्र बदललं. घोंगडी पांघरून जहाजाच्या डेकवर बसलेला, समुद्राकडे पाहणारा, धिप्पाड पण थकलेला राजा. मग किल्ल्यातला, पाहुण्यांशी शिष्टाचाराने बोलणारा राजा. पुढे १८८२ च्या ऑगस्टमध्ये त्याला लंडनला येऊ दिलं. केन्सिंग्टनमधल्या मेलबरी रोडवरच्या घरासमोर त्याला बघायला गर्दी लोटली. १४ ऑगस्टला व्हिक्टोरिया राणीने त्याला भेट दिली, चांदीचा मोठा पेला दिला, आणि आपल्या चित्रकाराकडून, कार्ल सोनकडून, त्याचं तैलचित्र करवून घेतलं. ‘व्हॅनिटी फेअर’ने त्याचं व्यंगचित्र छापलं. युरोपी सूट, डोक्यावर झुलू सरदाराचं कडं. काय रुबाबदार दिसतो, किती गंभीर, किती सभ्य, असं लोक म्हणू लागले. तीन वर्षांपूर्वीचा नरराक्षस हा नव्हेच. त्याच्यावर लढाई लादण्यासाठी जो चेहरा कोरला होता त्याचं काम झालं होतं. आता कौतुकाचा चेहरा कोरायला पैसे पडत नव्हते. जानेवारी १८८३ मध्ये त्याला अर्धंमुर्धं राज्य परत दिलं, तिथे यादवी भडकली, आणि ८ फेब्रुवारी १८८४ ला तो एशोवे इथे वारला. डॉक्टर म्हणाले हृदयविकार, त्याची माणसं म्हणाली विष.

ही १८७९ ते ८४ ची वर्षं महाराष्ट्राच्या बाजूने पाहिली की एक वेगळीच गोष्ट दिसते. फेब्रुवारी १८७९ मध्ये, इसान्डलवानाची बातमी लंडनला पोचली त्याच महिन्यात, वासुदेव बळवंत फडक्यांनी धामारीला पहिला दरोडा घातला. रोहिल्यांची फौज उभारायला ते निजामाच्या मुलखात उतरले होते. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाचा. २० जुलैच्या रात्री देवर नावडगीला मेजर डॅनियल आणि निजामाच्या पोलिसांतला अब्दुल हक यांनी त्यांना झोपेत पकडलं, सेत्शवायोच्या आधी पाच-सहा आठवडे. फडक्यांचं बेड्यांतलं छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. सार्वजनिक काकांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं, जन्मठेप झाली, एडनला नेलं, आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच ते गेले.

पण फडके राजे नव्हते. राजा होता तो कोल्हापूरला. चौथे शिवाजी महाराज, दत्तक आलेलं कोवळं पोर, सरकारने वेडं ठरवलेलं. महाराजांचा छळ होतोय, दिवाण माधवराव बर्वे त्यात आहेत, अशी पत्रं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने छापली. पत्रं बनावट निघाली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. म्हणजे बघा, ऑगस्ट १८८२: लंडनमध्ये कैदी झुलू राजाला बघायला रस्त्यात माणूस मावत नाही, आणि मुंबईत एका कैदी छत्रपतीबद्दल लिहिलं म्हणून दोन संपादक कोठडीत आहेत. पुढच्या वर्षी महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात हलवलं. २५ डिसेंबर १८८३ ला, नाताळच्या दिवशी, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय विशीचं. झुलू राजासारखं त्यांना पाहायला लंडनला कोणी रांग लावली नाही, कारण कोल्हापूरशी लढाई करायची नव्हती; कोल्हापूर आधीच खिशात होतं.

मी बीडजवळच्या पालीत राहतो, बिंदुसरेच्या धरणाच्या पालीत. आमच्या या मुलखात १८१८ साली धर्माजी प्रतापरावाने निजामाविरुद्ध बंड केलं. लेफ्टनंट सदरलँडच्या हाताखालच्या फौजेने दाभाडीच्या गढीला वेढा घालून त्याला आणि त्याच्या भावाला पकडलं. सचित्र साप्ताहिकं निघायला तेव्हा अजून चोवीस वर्षं होती. धर्माजी कसा दिसे हे गॅझेटियरच्या चार ओळींतून कळत नाही. असो.

महाराष्ट्राच्या वाट्याला लंडनच्या चित्रातला जो खराखुरा कैदी राजा आला तो परका होता, आणि तो आला समुद्रातून, रत्नागिरीला. थिबा.

थिबा ऑक्टोबर १८७८ मध्ये ब्रह्मदेशच्या गादीवर बसला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मिंडोन राजाच्या ढीगभर मुलांपैकी तो एक, आणि हुशार मुलगा: विहारात राहून धर्मग्रंथांची परीक्षा त्याने आदल्याच वर्षी दिली होती. गादीवर त्याला बसवलं ते एका दांडग्या राणीने आणि तिच्या मुलीने, सुपयालतने, जी त्याची पट्टराणी झाली. फेब्रुवारी १८७९ च्या मध्याला राजवाड्यात राजघराण्यातली ऐंशीच्या आसपास माणसं मारली गेली, भाऊ, बहिणी, त्यांची पोरंबाळं. गादीचे दावेदार मोकळे ठेवू नयेत हा तिथला जुना हिशेब. हे भयंकर होतं, त्यात कुणाची बाजू घेण्यासारखं काही नाही. रंगूनच्या गोऱ्या व्यापाऱ्यांनी लगेच हाकाटी सुरू केली की मंडाले घ्या.

पण लंडनला नुकतीच, त्याच आठवड्यात, इसान्डलवानाची तार पोचलेली. फौज अफगाणिस्तानात अडकलेली, उरलेली झुलूलँडकडे निघालेली. तिसरी लढाई परवडण्यासारखी नव्हती. सप्टेंबरमध्ये काबूलला इंग्रज रेसिडेंट कॅव्हान्यारी मारला गेला, तेव्हा मंडालेच्या रेसिडेन्सीतली माणसंही गुपचूप काढून घेतली. थोडक्यात, झुलूंच्या भाल्यांनी थिबाला सहा वर्षं मिळवून दिली. आफ्रिकेतल्या त्या डोंगराचं नाव मंडालेत कुणी ऐकलं नसेल.

या सहा वर्षांत थिबाचा चेहरा लंडनला तयार होत राहिला. दारुडा, जिनच्या बाटलीत बुडालेला, राक्षसी बायकोच्या ताटाखालचं मांजर. विहारातून आलेला हा मुलगा दारूला शिवत नसे असं त्याला जवळून पाहिलेले सांगत. त्याचा उपयोग झाला नाही. एक चिल्लर वाटणारा वाद मात्र खरा होता, जोड्यांचा. ब्रह्मी दरबारात जोडे काढून खाली बसायचं. १८७५ च्या फोर्साइथच्या शिष्टमंडळापर्यंत इंग्रज ते पाळत आले, मग सरकारने हुकूम काढला की यापुढे जोडे काढायचे नाहीत. राजाही हटला नाही. परिणाम असा की रेसिडेंट मंडालेत असूनही राजाला भेटू शकत नव्हता, आणि मग भेट नाही म्हणून राजा उद्धट, अशी तक्रार.

शेवटी निमित्त झालं सागवानाचं, आणि ते निमित्त मुंबईचं होतं. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी वॉलेस बंधूंनी १८६३ मध्ये मुंबईत काढली, फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर असतानाच. वरच्या ब्रह्मदेशातल्या जंगलांचा मक्ता तिच्याकडे होता. १८८५ च्या ऑगस्टमध्ये थिबाच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की कंपनीने तोडलेले ओंडके कमी दाखवून राजाचं येणं बुडवलं, आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. त्यात खरंखोटं किती यावर आजही वाद आहे. पण त्याच वर्षी थिबाने फ्रेंचांशी करार केला होता, आणि लंडनला भारतमंत्री होता रँडॉल्फ चर्चिल, निवडणूक तोंडावर. २२ ऑक्टोबरला निर्वाणीचा खलिता गेला; १० नोव्हेंबरपर्यंत उत्तर हवं. ३१ ऑक्टोबरच्या ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात थिबा छापून आला तो बेडकाच्या रूपात. उत्तराची मुदत संपायला अजून दहा दिवस होते.

लढाई झाली असं म्हणणंही जास्त होईल. जनरल प्रेंडरगास्टची दहाएक हजारांची फौज इरावती नदीतून आगबोटींत बसून वर निघाली. मिन्हलाला एक चकमक, आणि २८ नोव्हेंबरला बोटी मंडालेच्या घाटाला लागल्या. कर्नल स्लेडन राजवाड्यात गेला. त्याचा तिथे जुना परिचय होता. थिबाने आवराआवरीला एक-दोन दिवस मागितले. दुसऱ्या दिवशी प्रेंडरगास्ट आला आणि निघायला मिनिटं मोजून दिली. राजा बागेतल्या एका लाकडी मंडपात दोन राण्या आणि सासू यांच्यासह बसला होता. पायात बूट असलेले अंमलदार त्याच्यासमोर उभे राहिले. जोड्यांचा वाद दहा वर्षांनी असा निकाली निघाला.

हाच क्षण लंडनच्या चित्रांनी उचलला. अशा चित्रांची मांडणी कशी असते ते एकदा कळलं की पुन्हा पुन्हा तीच दिसते: शिपाई उभे, राजा बसलेला, शिपायांच्या रेषा सरळ, राजाच्या भोवतीच्या रेषा गोल, वळत्या, कापडांच्या घड्यांच्या. चेहरा वाचायचीच गरज नाही, रेषाच सांगतात कोण जिंकलं. मंडपावर पुढे इंग्रजांनी पाटीही लावली की राजाने इथे बसून शरणागती दिली.

संध्याकाळी राजा आणि राण्यांना बैलगाड्यांत बसवून घाटाकडे नेलं. रस्त्याच्या दुतर्फा माणसं गुडघे टेकून बसलेली. ‘थूरिया’ नावाची आगबोट उभी होती. सुपयालतने वाटेत एका गोऱ्या शिपायाकडून आपला चिरूट पेटवून घेतला अशी गोष्ट सांगतात. किपलिंगच्या ‘मंडाले’ कवितेत तिचं नाव आणि चिरूट दोन्ही आहेत, त्यामुळे इंग्रजांना ती राणी तेवढीच माहीत. हाच प्रसंग मंडालेच्या साया चोन या ब्रह्मी चित्रकारानेही रंगवला आहे. लंडनच्या चित्रांत जी गर्दी मागच्या बाजूची भरताड असते, तीच त्याच्याकडे महत्त्वाची आहे. दोन्ही शेजारी ठेवून पाहण्यासारखी.

थिबा गेल्यावर त्या शहरात जे चाललं त्याचं एक चित्र मात्र लंडनला पचलं नाही. फौजेचा प्रोव्होस्ट मार्शल होता कर्नल हूपर, नावाजलेला छायाचित्रकार. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यातल्या हाडांच्या सापळ्यांसारख्या माणसांना ओळीने बसवून फोटो काढणारा तो हाच. मंडालेत बंडखोर म्हणून पकडलेल्या ब्रह्मी लोकांना गोळ्या घालताना त्याने कॅमेरा लावला, आणि गोळी सुटण्याच्या नेमक्या क्षणी काच उघडता यावी म्हणून हुकूम लांबवला, असा आरोप झाला. ‘टाइम्स’चा बातमीदार मॉयलन याने तार ठोकली, पार्लमेंटात प्रश्न आले, चौकशी बसली, हूपरला कानपिचक्या मिळाल्या. कोरक्याच्या ठोकळ्यावर मरणही नीटनेटकं होतं; हूपरच्या काचेवर तसं करता आलं नाही, आणि म्हणून ओरड झाली. गोळ्या घालण्याबद्दल तेवढी ओरड झाली नाही.

१ जानेवारी १८८६ ला एका लहानशा जाहीरनाम्याने वरचा ब्रह्मदेश व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात सामील झाला. थिबा तेव्हा मद्रासला होता. तिथे ब्रह्मी आणि इतर माणसांची ये-जा होती, म्हणून सरकारला अजून आडची जागा हवी होती. रत्नागिरी निवडली ती आडची म्हणूनच: रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद, घाट चढून जायचं तर दिवस लागणार. पुढे १९२४ मध्ये सावरकरांनाही तिथेच ठेवलं. एप्रिल १८८६ मध्ये ‘क्लाइव्ह’ जहाजातून राजा, दोन राण्या, मद्रासला जन्मलेल्या तान्ह्या पोरीसह तीन राजकन्या आणि नोकरचाकर रत्नागिरीला उतरले. चौथी राजकन्या पुढच्या वर्षी रत्नागिरीत जन्मली.

इथून पुढे लंडनच्या चित्रकारांना थिबात काही रस उरला नाही. तीस वर्षं तो रत्नागिरीत राहिला, पहिली चोवीस बंगल्यांत, मग १९१० पासून नव्या वाड्यात, ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो. जांभ्या दगडाच्या या वाड्याच्या सज्जातून भाट्याची खाडी दिसते. राजा फारसा बाहेर पडत नसे. पहारा होता, पोलीस अंमलदार होता, तनखा होता, आणि तनखा पुरत नव्हता. मंडालेहून निघताना जे जडजवाहीर आणता आलं ते हळूहळू विकलं गेलं, कर्ज झालं, आणि सरकारला अर्जावर अर्ज जात राहिले. त्या अर्जांत एक विषय सारखा येई: न्गा मौक नावाचं मोठं माणिक, जे शरणागतीच्या दिवशी स्लेडनने सांभाळायला घेतलं आणि परत मिळालं नाही असं राजाचं म्हणणं होतं. स्लेडन १८९० मध्येच वारला होता. माणिक कुठे गेलं ते सापडलं नाही.

टिळकांचा योगायोग मराठी वाचकाला पाठ आहे: रत्नागिरीत जन्मलेला माणूस १९०८ पासून सहा वर्षं मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, मंडालेचा राजा रत्नागिरीत. मला त्यातली एक बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. टिळक ‘गीतारहस्य’ लिहीत होते तो १९१०-११ चा हिवाळा, आणि थिबा नव्या वाड्यात राहायला गेला तोही त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी. १८८२ मध्ये कैदी छत्रपतीबद्दल लिहून पहिल्यांदा तुरुंगात गेलेला संपादक आता कैदी राजाच्या ओस पडलेल्या राजवाड्याच्या तटाआत बसला होता. त्या किल्ल्याचं नाव इंग्रजांनी फोर्ट डफरिन ठेवलं होतं. आतल्या राण्यांच्या दालनात काही वर्षं गोऱ्या साहेबांचा क्लब चालला, तो कर्झनने हलवायला लावला. १९४५ च्या मार्चमध्ये लढाईच्या आगीत तो राजवाडा जळाला.

वाड्यात चार मुली मोठ्या झाल्या. राजघराण्यातली लग्नं राजघराण्यातच, आणि रत्नागिरीत राजघराणं कुठून आणणार? थोरलीला पहारेकरी गोपाळ सावंत याच्यापासून मुलगी झाली, टूटू. दुसरी राजकन्या वडिलांच्या चिटणीसाबरोबर निघून गेली. बापाला ती गोष्ट सहन झाली नाही. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा गेला, वय सत्तावन्न.

त्याचं प्रेत मंडालेला न्यायचं, असा सुपयालतचा हट्ट. सरकारचा नकार: मेलेला राजा मंडालेला गेला तर तिथे माणसं जमतील. दोन वर्षांहून जास्त काळ शवपेटी वाड्याच्या आवारात तशीच होती, आधी वारलेल्या धाकट्या राणीच्या शवपेटीशेजारी. १९ मार्च १९१९ ला राणीची इच्छा नसताना सरकारने दोघांनाही रत्नागिरीत समाधीत ठेवलं. त्यानंतर राणी ब्रह्मदेशात परतली, पण मंडालेला नव्हे, रंगूनला. १९२५ मध्ये ती तिथे वारली. सेत्शवायोला इंग्रजांनी जिवंतपणी परत पाठवलं होतं, थिबाला मेल्यावरही नाही. एकाकडून लंडनला तमाशा तरी मिळाला होता, दुसऱ्याची भीतीच शिल्लक होती.

थोरली राजकन्या ब्रह्मदेशात राहिली नाही. ती रत्नागिरीला परत आली आणि १९४७ मध्ये इथेच गेली. टूटू तर रत्नागिरीचीच झाली. शंकर पवार यांच्याशी तिचा संसार झाला, कागदाची फुलं करून ती विकायची, मराठीच बोलायची, आणि २००० साली ती वारली. ज्या राजाचा बेडूक ‘पंच’ने अर्ध्या जगाला दाखवला त्याची ही नात; गल्लीतल्या माणसांपलीकडे तिचं फारसं कुणाला कौतुक नव्हतं.

वाड्यात मधली बरीच वर्षं सरकारी तंत्रनिकेतन भरत होतं, आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. समाधी मात्र वाड्यात नाही, शिवाजीनगर भागात आहे. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. रत्नागिरीला गेलात तर पॅलेस पाहून मागे फिरू नका, रिक्षावाल्याला थिबाची समाधी सांगा.